चालती चाळ

मार्च महिन्यात उत्तर जॉर्जियातल्या एका डोंगरमाथ्यावर रोज सकाळी काही डझन माणसं एकांत शोधायला जमतात. डोंगराचं नाव स्प्रिंगर, उंची ३,७८२ फूट, म्हणजे आपल्या सिंहगडाहूनही बुटका. इथून अ‍ॅपलाचियन ट्रेल सुरू होते. चौदा राज्यांतून वरखाली करत, साडेतीन हजार किलोमीटर जाऊन, ती पार वर मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर संपते. एका दमात करायची तर पाच ते सात महिने लागतात. निघणाऱ्यांतला साधारण चौथा हिस्सा पोचतो. मला लिहायचं आहे ते फक्त पहिल्या काही आठवड्यांबद्दल. त्यापुढे लोक नुसतेच चालतात.

निघण्याआधी सातारला आईला फोन केला होता. साडेतीन हजार किलोमीटर, डोंगर, तंबू, अस्वलं हे सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी देव कुठला आहे?"

"देव नाही गं. पाटी आहे. लाकडी."

"नुसती पाटी?"

"हो."

"मग एवढी गर्दी कशाला होते?"

या प्रश्नाला त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पुढे चढावर बरेचदा आठवूनही ते सुचलं नाही.

स्प्रिंगरवर पोचणं हेच मुळात एक प्रकरण आहे. बरेच जण अमिकलोला फॉल्स या उद्यानातून निघतात. तिथे ट्रेलवाल्यांकडे नाव नोंदवलं की सॅकला अडकवायला एक बिल्ला मिळतो, आणि बिल्ला अडकवून बाहेर पडलं की ७२९ फुटांच्या धबधब्याच्या कडेने ६०४ पायऱ्या समोर उभ्या असतात. त्या धरून आठ-साडेआठ मैल चाललं की स्प्रिंगर. आणि यातलं एक पाऊलही ट्रेलमध्ये धरत नाहीत! खरी ट्रेल स्प्रिंगरच्या माथ्यावर पहिल्या पांढऱ्या पट्ट्यापासून सुरू. तिथवरचा घाम आपला आपण सोसायचा. माथ्यावर खडकात एक वही ठेवलेली असते, तीत निघणारे चार ओळी लिहितात. मी चाळली. निम्म्या लोकांना स्वतःला शोधायचं होतं, उरलेल्यांना शांतता हवी होती, आणि एकाने फक्त 'पाय आत्ताच दुखतायत' असं लिहिलं होतं. त्याच्याबद्दल मला लगेच आपलेपणा वाटला.

पहिली रात्र झाली की शांततेचा विषय संपतो. ट्रेलवर दर आठ-नऊ मैलांवर शेल्टर आहे, एकूण अडीचशेच्या वर. शेल्टर म्हणजे तीन भिंती, एक छप्पर, जमिनीपासून गुडघाभर उंच लाकडी फळ्यांची जमीन, आणि चौथ्या भिंतीच्या जागी जंगल. आठ-दहा माणसांनी खांद्याला खांदा लावून झोपायचं. बाकीच्यांनी आजूबाजूला तंबू ठोकायचे. मी मुंबईत चाळीत वाढले, त्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. पुढची कड म्हणजे कॉमन गॅलरी. तिथे पाय सोडून सगळे ओळीने बसतात, छोट्या गॅसच्या शेगड्या पेटवतात आणि शेजाऱ्याच्या भांड्यात डोकावतात. उताराखालचा झरा म्हणजे सार्वजनिक नळ. बाटल्या घेऊन खाली गेलं की गावच्या बातम्या तिथेच कळतात: कोणाचा गुडघा गेला, कोण काल हॉटेलात राहून आलं, कोणाचं कोणाशी जमतंय. थोडं लांब, झाडीत, एक लाकडी संडास. आत डब्यात लाकडाचा भुसा असतो, उठताना मूठभर टाकायचा. तो न टाकणाऱ्याबद्दल दुसऱ्या दिवशी गॅलरीत चर्चा होते. नाव न घेता, पण त्याला ऐकू जाईल अशी.

रात्री नऊला इथे मध्यरात्र होते, तसं म्हणतातच: हायकर मिडनाइट. मग मैफल सुरू. कोणाची हवेची गादी कूस बदलली की चुरचुरते, कोणी झिप उघडतं, बंद करतं, पुन्हा उघडतं. घोरणारा माणूस मात्र असा शांत झोपतो की त्याचा हेवा वाटावा. या सगळ्याला खालून साथ असते ती उंदरांची. आढ्याला दोऱ्या टांगलेल्या दिसतात आणि प्रत्येक दोरीच्या मध्यात ट्यूना माशाचा एक रिकामा डबा, उपडा, भोक पाडून ओवलेला, डब्याखाली एक काटकी बांधलेली. काटकीला पिशवी अडकवायची. उंदीर दोरीवरून उतरतो, डब्यावर येतो, डबा कलंडतो आणि उंदीर खाली. निदान अशी योजना आहे. एका रात्री टॉर्चच्या उजेडात मी एका उंदराला डब्यावर बसलेलं पाहिलं. तो पडला नाही. पुढचे दोन्ही पाय कडेवर टेकवून त्याने खालच्या पिशवीचा नीट अंदाज घेतला आणि उडी टाकली. अन्नाच्या मोठ्या पिशव्या तर दूर तारेवर चढवाव्या लागतात, अस्वलांसाठी. अस्वल मला एकदाही दिसलं नाही. उंदीर रोज भेटला.

हॉक माउंटनच्या शेल्टरजवळ गोळीबार ऐकू येतो. जवळच अमेरिकन सैन्याच्या रेंजर तुकड्यांचं प्रशिक्षण चालतं. अंधारात धाडधाड आवाज झाले की नवखे ताडकन उठून बसतात आणि एक रात्र आधी आलेले जुने जाणते त्यांना समजावतात.

आडनाव मात्र इथे कोणी विचारत नाही. गाव, नोकरी, मुलं काय करतात, काही नाही. भुलीचा डॉक्टर आणि नुकताच नोकरी सोडलेला वेटर शेजारी बसून एकाच चवीचे नूडल खातात आणि दोघांनाही एकमेकांचं खरं नाव ठाऊक नसतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, चला, सुटले. दुसऱ्या दिवशी कळलं की फक्त प्रश्न बदललाय. इथला पहिला प्रश्न: तुझ्या सॅकचं वजन किती? त्यातही शास्त्र आहे. अन्न, पाणी, गॅस सोडून उरतं ते 'बेस वेट'. ते दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत असेल तर तुम्ही अल्ट्रालाइट, उच्चकुलीन. वीस पौंड असेल तर मध्यमवर्गीय. तीसच्या वर गेलात तर तुमच्याशी बोलताना लोकांचा आवाज मऊ होतो.

या उच्चकुलीनांतला एक पोरगा, असेल तेवीस-चोवीसचा, माझ्या शेजारी बसत असे. दात घासायच्या ब्रशची दांडी त्याने कापून टाकली होती. चहाच्या पुड्यांना दोरा आणि कागदी शेंडी असते ना, तीही काढून आणली होती. त्याने माझी स्टीलची वाटी उचलली, तळहातावर तोलली आणि काही न बोलता खाली ठेवली. डॉक्टरने रिपोर्ट पाहून खाली ठेवावा तशी! स्वतः तो प्लास्टिकच्या पिशवीत गरम पाणी ओतून त्यातच लांब चमच्याने जेवायचा. भांडंच नको, म्हणजे वजन नको. तिसऱ्या का चौथ्या संध्याकाळी पिशवी तळाशी फाटली. नूडल मांडीवर. थोडा वेळ तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "ती वाटी... वापरात आहे का?"

वजनाचा खरा दरबार भरतो तो नील गॅप नावाच्या खिंडीत, स्प्रिंगरपासून तीसेक मैलांवर. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ४,४५८ फुटांचा ब्लड माउंटन चढून उतरलेला असतो, जॉर्जियातली ट्रेलवरची सर्वांत उंच जागा, आणि गुडघ्यांचं मत तयार झालेलं असतं. खिंडीत १९३०च्या दशकातली एक दगडी इमारत आहे, मंदीच्या काळात सरकारी कामावर लावलेल्या तरुणांनी बांधलेली. पांढरे पट्टे तिच्या छपराखालच्या बोळातून जातात. पुऱ्या ट्रेलमध्ये इमारतीतून जाणारी वाट एवढीच. आत डोंगरी सामानाचं दुकान आहे. तिथली अनुभवी माणसं तुमची सॅक जमिनीवर रिकामी करून एकेक वस्तू हातात घेऊन विचारतात, ही कशासाठी? लोखंडी तवा, कुऱ्हाड, दोन जाड पुस्तकं, इस्त्री केलेला शर्ट. मालक आधी बाजू मांडतो, मग वाटाघाट करतो, मग गप्प होतो. नको ते खोक्यात भरून पोस्टाने घरी जातं. माझी पाळी आली तेव्हा मेतकुटाच्या डब्यावर बोट टेकलं गेलं. मी म्हटलं, "हे जाणार नाही." बहुधा मी ते आईच्या आवाजात म्हटलं असावं, कारण पुढे कोणी काही विचारलं नाही.

बाहेर एक झाड आहे, त्याच्या फांद्यांवरून जोडे लटकतात. बुटांच्या नाड्या एकत्र बांधून वर फेकलेले, ढिगाने. इथवर येऊन ज्यांनी बेत रद्द केला त्यांचे हे बूट, असं सांगतात. मी खाली उभी राहून पाहिलं. काही अगदी नवे होते.

वजनवाल्यांहून वेगळा एक पंथ आहे तो शुद्धतावाद्यांचा. ट्रेलची खूण म्हणजे झाडावर रंगवलेला पांढरा पट्टा, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. पाण्याकडे किंवा शेल्टरकडे फुटणाऱ्या आडवाटेला निळा पट्टा. शुद्धतावादी प्रत्येक पांढऱ्या पट्ट्यासमोरून गेलाच पाहिजे. हे सोवळं फार कडक. आमच्यात एक निवृत्त गृहस्थ होते. शेल्टरला ज्या निळ्या वाटेने आत आले, सकाळी त्याच वाटेने परत जाऊन ट्रेलला लागायचे. दुसरी वाट पन्नास पावलं पुढे ट्रेलला मिळत असली तरी नाही, कारण ती पन्नास पावलं सुटली असती. किराणा आणायला गावात गाडीने गेले तर परतताना रस्त्याच्या ज्या कडेला गाडीत बसले त्याच कडेला उतरायचे, आणि मग रस्ता पायी ओलांडायचे. ड्रायव्हरला हे समजावताना मी त्यांना पाहिलं आहे. याउलट निळ्या वाटांनी वळसे टाळणारे आहेत, आणि रस्त्याच्या पिवळ्या पट्ट्यांवरून, म्हणजे सरळ गाडीत बसून, पन्नास मैल पुढे जाणारेही आहेत. त्यांच्याबद्दल गॅलरीत जे बोललं जातं ते ऐकून मला लहानपणीचे, तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात चोरून अंडी आणली जायची ते दिवस आठवले.

या सगळ्या वादांवर एमा गेटवुड नावाच्या बाईंनी १९५५मध्येच पाणी ओतून ठेवलं आहे. वय ६७, अकरा मुलांची आई, नातवंडं वीसच्या वर. मुलांना सांगितलं, फिरायला जाते. त्या थेट दक्षिण टोकाला गेल्या आणि एकट्याने ट्रेल एका हंगामात पुरी करणारी पहिली बाई ठरल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली कापडी थैली, पावसाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. स्लीपिंग बॅग नाही, तंबू नाही. मी हे सांगितलं तेव्हा ब्रशची दांडी कापलेल्या पोराने बराच वेळ विचार करून विचारलं, "पडद्याचं वजन किती असेल?"

त्यांच्याही आधी, १९४८मध्ये, अर्ल शाफर हा युद्धावरून आलेला तरुण पहिल्यांदा टोकापासून टोकापर्यंत चालला. चार महिने. सोबत जवळजवळ कोणी नाही, जागोजाग वाट मोडलेली. ट्रेल सांभाळणाऱ्यांचाच आधी त्याच्यावर विश्वास बसेना, कारण ही वाट सलग चालण्यासाठी आहे असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. ज्याच्या डोक्यातून ती निघाली त्या बेंटन मकाय यांच्याही नाही. मकाय वनखात्यात काम केलेले, नियोजनाचा विचार करणारे गृहस्थ. १९२१मध्ये वास्तुविशारदांच्या एका मासिकात त्यांनी लेख लिहून डोंगररांगेच्या माथ्यावरून पायवाट सुचवली. पण पायवाट हा त्यांच्या बेताचा फक्त कणा होता. वाटेवर निवारे हवे होते, निवाऱ्यांभोवती माणसांच्या वस्त्या, वस्त्यांना अन्न पुरवणारी शेतं. गिरण्यांच्या, धुराच्या शहरांतून थकलेल्यांनी तिथे येऊन मिळून राहावं, कोणी नफा काढू नये. १९३७मध्ये पायवाट सलग झाली. वस्त्या, शेतं कागदावरच राहिली, आणि मकाय यांना त्याचं वाईट वाटलं असणार. मला मात्र कॉमन गॅलरीत पाय सोडून बसल्यावर वाटायचं की बिचाऱ्यांनी मार्चमध्ये एखाद्या संध्याकाळी इथे यायला हवं होतं. शेत तेवढं नव्हतं. बाकी वस्ती अगदी भरात होती, तक्रारींसकट.

माझं नाव पडलं ते एका रस्त्याच्या कडेला. इथे नाव आपण घ्यायचं नसतं, ते दुसऱ्यांनी द्यायचं. जिथे ट्रेल डांबरी रस्ता ओलांडते तिथे एखाद्या दिवशी अचानक कोणी गाडीची डिकी उघडून बसलेलं असतं: हॉटडॉग, संत्री, कोक, सगळं फुकट. कधी चर्चची मंडळी, कधी मागच्या वर्षी चाललेला कोणी. याला ट्रेल मॅजिक म्हणतात. मी शाकाहारी असल्याचं सांगितल्यावर त्या माउलीचा चेहरा इतका पडला की मी म्हटलं, पाव चालेल. तिने पावात सॉसेजच्या जागी भरपूर मोहरीचा पिवळा सॉस घातला आणि दोन्ही हातांनी दिला. मी तो खाल्ला. त्या रात्री भातावर मेतकूट भुरभुरवताना पाहून कोणीतरी म्हणालं, ही तर मोहरीची पूडही घेऊन फिरते! तेव्हापासून मी मस्टर्ड. मेतकुटात मोहरी नाममात्र असते, मुख्य हरभराडाळ, असं मी दोनदा समजावलं. उपयोग झाला नाही.

दिवसा मात्र खरंच एकटं असतं. सकाळी सगळे मागेपुढे निघतात आणि तासाभरात अंतर पडतं. झाडं अजून निष्पर्ण, त्यामुळे धारेवरून दोन्हीकडचे डोंगर निळे होत गेलेले दिसतात. पायाखाली मागच्या वर्षीचा ओक वृक्षांचा पाचोळा. हिरवा रंग काय तो रोडोडेंड्रॉनचा, आणि थंडी शून्याखाली गेली की त्याचीही पानं लांबीत घट्ट गुंडाळून घेतात आणि देठापासून खाली लोंबतात. ऊन आलं की अर्ध्या तासात पुन्हा उलगडतात. मी एकदा मुद्दाम थांबून पाहत बसले. एवढ्या एकांतात काहीतरी मोठं सुचायला हवं होतं. सुचलं काय, तर माझ्या लग्नात मोठ्या जाऊबाईंनी वरणाबद्दल काढलेला शेरा. त्याला मी तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं ते ब्लड माउंटनच्या चढावर सापडलं. फार चांगलं उत्तर होतं. मग बँकेतल्या एका साहेबांना दिलं, मग मुलाच्या जुन्या वर्गशिक्षिकेला. असे रोज चार-पाच तास मी माणसांत असे. संध्याकाळी शेल्टर दिसलं की उलट जरा सुटल्यासारखं होई. तिथली माणसं निदान समोर तरी असत.

मग ती कमी होऊ लागतात. हायवॉसी गावात गेलेला एक जण परत येत नाही. उत्तर कॅरोलायनाची हद्द लागते, ७८ मैलांचं जॉर्जिया संपतं, वाकड्यातिकड्या जुन्या ओकखाली सगळे फोटो काढतात, आणि त्यात कालची दोन माणसं नसतात. निरोप वगैरे होत नाही. शेल्टरच्या वहीत एखादी ओळ सापडते: घोटा सुजलाय, फ्रँकलिनहून बस पकडतो, माझा गॅस कोणाला हवा असेल तर कपाटात आहे. वाचून सगळे गप्प होतात आणि मग कोणीतरी हळूच गॅस घेतं. घोरणारा गेला त्या रात्री सगळ्यांना गाढ झोप लागेल असं वाटलं होतं. बरेच जण जागेच होते.

फोंटाना धरणाशी आलो तेव्हा दीडशेहून जास्त मैल झाले होते. ४८० फुटांचं हे धरण, दुसऱ्या महायुद्धात विजेसाठी घाईने बांधलेलं. ट्रेल त्याच्या माथ्यावरून जाते. अलीकडचं शेल्टर इतकं प्रशस्त की त्याला फोंटाना हिल्टन म्हणतात, आणि जवळच गरम पाण्याची आंघोळ आहे. पलीकडे स्मोकी पर्वत, राष्ट्रीय उद्यान, ६,६४३ फुटांचं कुवोही शिखर, ट्रेलवरचं सर्वांत उंच. आणि तिथे सरकारी नियम. परवाना काढा. वाटेल तिथे तंबू नाही, मुक्काम शेल्टरमध्येच. पण तिथे आगाऊ आरक्षण करून आलेल्यांचा हक्क आधी. शेल्टर भरलं तर आमच्यासारख्या लांबच्या प्रवाशांनी उठायचं आणि शेजारी तंबू लावायचा.

उद्यानातल्या पहिल्याच शेल्टरवर आमच्या लोकांनी दुपारी चारलाच जागा धरल्या होत्या. साडेसहाला टेनेसीतलं एक कुटुंब आलं, स्वच्छ कपडे, हातात छापील कागद. एकदम शांतता पसरली. शुद्धतावादी आजोबांनी कागद वाचला, परत वाचला, आणि जाहीर केलं की कागद बरोबर आहे. मग कोणी उठायचं यावर चर्चा सुरू झाली. आधी आला तो शेवटी की शेवटी आला तो आधी, गुडघ्याचं दुखणं धरायचं की नाही, कोणी घोरत असेल तर त्याला बाहेर काढणं हा अन्याय की समाजकार्य. कुटुंबातली आई बिचारी म्हणत होती, आम्ही सरकून झोपू, पण तिचं ऐकतो कोण! मी सॅक उचलली आणि बाहेर आले. जमीन दगडी होती, तंबूची एक खुंटी काही केल्या आत जाईना. दगडाने ती ठोकत होते तेवढ्यात ब्रशची दांडी कापलेला पोरगा आतून ओरडला, "मस्टर्ड, चहा टाकणार असशील तर माझा पण टाक. आणि वाटी आण, माझी पिशवी पुन्हा फाटलीय."